काट्यावरच्या स्क्रिप्टला थ्रेड कशाला?

७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथन ३.१४ आलं आणि वर्षानुवर्षं ‘पायथनला खरे थ्रेड नाहीत हो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी गुलाल उधळला. जीआयएलशिवाय चालणारं पायथन आता प्रायोगिक राहिलं नाही, त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला. लगेच निकालही लागला: स्क्रिप्टिंग भाषा एकदाची वयात आली, यंत्रातले आठही कोअर एका वेळी राबवता येत नाहीत ती भाषा खेळण्यातली, आणि इतकी वर्षं थ्रेडला विरोध करणारी मंडळी खोटी पडली. हिंजवडीत नोकरी करणारे मित्र हे म्हणतात. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी आमच्या सोनाळ्याची पोरं सुट्टीत घरी आली की तीही हेच ऐकवतात, वर ‘काका, तुम्ही जुने’ असा शेरा मारतात. जुना असेन. निकाल मात्र मला मान्य नाही.

जीआयएल म्हणजे इंटरप्रिटरला लावलेलं एकच मोठं कुलूप. ते ज्या थ्रेडच्या हाती, त्याचीच पायथनची ओळ चालणार, बाकीचे रांगेत. गिडो व्हॅन रॉसम यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते घातलं, कारण तेव्हा साध्या यंत्रात कोअर एकच असायचा आणि इंटरप्रिटर सुटसुटीत ठेवायचा होता. आता ते काढता येतं, ही मोठीच कारागिरी आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर सुरू झालेल्या उपदेशाबद्दल: स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने आता थ्रेड वापरावेत, आणि भाषेनेही ते सर्वांसाठी उघडेच ठेवावेत. इंटरप्रिटरच्या पोटात थ्रेड असोत, हवे तितके असोत. पण एकाच मेमरीवर एकदम लिहिणारे थ्रेड स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती न मागता देऊ नयेत, असं माझं म्हणणं आहे.

स्क्रिप्ट लिहितं कोण, ते आधी पाहू. सोनाळा संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इथे कुणी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत नाही. इथे स्क्रिप्ट लागते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या याद्या एक्सेलमधून नीट करायला, कृषी केंद्रातला बियाण्याचा साठा जुळवायला, काट्यावरची पावती छापायला. लिहिणारा बहुधा बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेला, यूट्यूब पाहून पायथन शिकलेला आणि दिवसभर दुसराच कामधंदा करणारा. स्क्रिप्टिंग भाषा जन्मली ती याच माणसासाठी. त्याच्याशी तिचा करार एकच: वरची ओळ आधी चालेल, खालची नंतर, आणि मध्ये दुसरं कुणी हात घालणार नाही. थ्रेड हा करार मोडतात, आणि मोडल्याचं सांगतही नाहीत.

काट्याचंच घेऊ. समजा, सोयाबीनचा हंगाम आहे, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे. काट्याच्या खोलीतला इंडिकेटर सिरियल केबलवरून संगणकाला सतत वजन पाठवतोय. आपल्या होतकरू मित्राने ‘आधुनिक’ पद्धतीने तीन थ्रेड केले. पहिला थ्रेड केबलवर येणारं वजन ‘चालू वजन’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये टाकत राहतो. दुसरा, बटण दाबलं की गाडी नंबर आणि चालू वजन घेऊन पावती छापतो. तिसरा तीच नोंद मालकाच्या मोबाइलवर पाठवतो. घरी चाचणी घेतली, झकास चाललं.

आता गर्दी बघा. भरलेली ट्रॉली काट्यावर उभी आहे, वजन ५,८४० किलो. ऑपरेटरने बटण दाबलं. दुसऱ्या थ्रेडने गाडी नंबर उचलला, वरची ओळ छापायला घेतली आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला. थ्रेड तिथेच थांबला. ऑपरेटर कागद सरळ करेपर्यंत ट्रॉली उतरली, मागची चढली. ती ५,५४० किलोची. पहिल्या थ्रेडने आपलं काम इमानेइतबारे केलं, चालू वजन ५,५४०. प्रिंटर सुटला, दुसऱ्या थ्रेडने वजन उचललं, पावती बाहेर आली. तिच्यावर नंबर पहिल्या कास्तकाराच्या गाडीचा आणि वजन दुसऱ्याच्या. फरक तीन क्विंटलचा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे जवळपास सोळा हजार रुपये एका कागदाच्या अडकण्याने इकडचे तिकडे. प्रोग्राम बंद पडला नाही, लाल अक्षरात एरर आली नाही, पावती सुबक छापली गेली. तीन थ्रेडऐवजी एकापाठोपाठ चालणाऱ्या दहा ओळी असत्या, ‘वजन वाच, नंबर वाच, मग छाप’, तर कागद कितीही अडकला तरी वजन तेच राहिलं असतं.

यात आणखी एक काटा जोडा. दोन काटे, दोन थ्रेड, पावती क्रमांक मात्र एकच चढता. ‘क्रमांक = क्रमांक + १’ ही ओळ वाचायला एक, यंत्राला मात्र तीन कामं: जुना आकडा वाच, त्यात एक मिळव, नवा आकडा ठेव. दोन्ही थ्रेडनी एकाच वेळी ५७ वाचला तर दोघंही ५८ ठेवणार, आणि उद्या कुणीतरी दारात येऊन विचारणार, “भाऊ, दोन गाड्यायले एकच नंबर कसा काय आला?”

यावर थ्रेडवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ही लिहिणाऱ्याची चूक, भाषेची नव्हे, कुलूप लावायला हवं होतं. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. कुलूप लावायचं हे लिहिणाऱ्याच्या लक्षात राहायला हवं. दहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी राहिलं तर बाकी नऊ फुकट, आणि ते एक ठिकाण कुठलं हे भाषा सांगत नाही. दोन कुलपं झाली की क्रम सांभाळावा लागतो. एकाने आधी वजनाचं आणि दुसऱ्याने आधी क्रमांकाचं धरलं की दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे. साध्या चुकीत आणि या चुकीत फरक आहे. कंस विसरला तर प्रोग्राम चालतच नाही. कुलूप विसरलं तर प्रोग्राम आठ महिने चालतो आणि दिवाळीच्या तोंडावर, सर्वांत जास्त गाड्या असतात त्या दुपारी, एकदाच चुकतो. नंतर कितीही वेळा चालवून पाहा, चूक पुन्हा दिसत नाही.

हे अर्धवट शिकलेल्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी बर्कलीचा दाखला पुरे. प्राध्यापक एडवर्ड ली यांच्या गटाने टॉलेमी या प्रकल्पाचा गाभा २००० साली थ्रेड वापरून बांधला. लिहिणारे तज्ज्ञ, कोड एकमेकांकडून तपासून घेतलेला, चाचण्यांनी प्रत्येक ओळ झाकलेली. चार वर्षं काही झालं नाही. २६ एप्रिल २००४ रोजी तो जागच्या जागी अडकला. ली यांनी २००६ साली त्यावर लेख लिहिला आणि दोष लिहिणाऱ्यांचा नसून थ्रेड या पद्धतीचा आहे, असं मांडलं. टॉलेमी अडकण्याच्या आदल्या वर्षी, १४ ऑगस्ट २००३ ला, अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या भागात वीज गेली, सुमारे पाच कोटी लोक अंधारात. ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभराहून जास्त वेळ मुकी झाली होती आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे कित्येक आठवडे कोड विंचरल्यावर कारण सापडलं: दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी लिहायला गेल्या होत्या. ती यंत्रणा काही यूट्यूब पाहून लिहिलेली नव्हती.

‘मग जावाने कसं निभावलं?’ हा पुढचा प्रश्न. जावा १९९६ च्या जानेवारीत थ्रेड घेऊनच आली. तिच्यातल्या थ्रेडनी मेमरीत नेमकं काय पाहावं याचे नियम सदोष होते, आणि ते दुरुस्त होऊन भाषेत यायला २००४ चं जावा ५ उजाडावं लागलं. आठ वर्षं जगभरचे लोक पाठ्यपुस्तकांत छापलेली ‘सुरक्षित’ युक्ती वापरत राहिले, आणि ती सुरक्षित नव्हती. तारीख लिहिण्या-वाचण्याचा जावातला जुना वर्ग दोन थ्रेडनी एकदम वापरला तर भलतीच तारीख देतो, मुकाट्याने. ज्या मित्रांनी बँकांची कामं केली आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. २०१४ साली जावा ८ मध्ये तारखेचे नवे वर्ग आले तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला, आणि मिटला कसा? नव्या तारखा एकदा तयार झाल्यावर बदलताच येत नाहीत, म्हणून. म्हणजे जावानेही शेवटी वाटून घेणं कमी करूनच सुटका करून घेतली. पाठीशी मोठी कंपनी, हाताशी शेकडो तज्ज्ञ, तरी हे असं. काट्यावरच्या मित्राकडून काय अपेक्षा ठेवायची?

पायथनच्या बाबतीत यात एक आणखी खोच आहे आणि तिच्याबद्दल गुलाल उधळणारे गप्प असतात. जीआयएल होता तेव्हाही तुमचं व्हेरिएबल सुरक्षित नव्हतं. ते कुलूप इंटरप्रिटरच्या आतल्या हिशोबासाठी होतं, तुमच्या पावती क्रमांकासाठी नव्हे. दोन थ्रेडमध्ये अदलाबदल मधल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकायची. मात्र ३.१० पासून इंटरप्रिटर थ्रेड बदलायचा की नाही हे लूपच्या शेवटी आणि फंक्शनच्या सुरुवातीलाच तपासू लागला, त्यामुळे ‘क्रमांक = क्रमांक + १’ चा जुना नमुना, जो शिक्षक वर्गात चुकवून दाखवत असत, तो चुकेनासा झाला. विद्यार्थ्यांनी काय शिकावं? की हे चालतं. तोच कोड जीआयएलशिवायच्या पायथनवर नेला की पुन्हा चुकणार. तिथे लिस्ट आणि डिक्शनरी आतून मोडू नयेत म्हणून प्रत्येक वस्तूला बारीक कुलपं लावलेली आहेत, पण तुमच्या दोन ओळींच्या मध्ये कुणी शिरू नये याची हमी कुणीही देत नाही. देता येतच नाही. दोन ओळी मिळून एक व्यवहार आहे हे इंटरप्रिटरला कुठून कळणार?

आता कोअर वाया जातात या मुद्द्याकडे येतो, कारण सगळा आवेश तिथेच असतो. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवरून सहसा ९,६०० बॉडने बोलतो. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला दोन-तीन अब्ज ठोके देतो. एका अक्षराची वाट पाहता पाहता त्याचे वीस-तीस लाख ठोके रिकामे जातात. या कामाला आठ कोअर लावून काय करणार, आठ पटींनी वाट पाहणार? गावातल्या, आणि खरं सांगायचं तर हिंजवडीतल्याही, बहुतेक स्क्रिप्टचं असंच आहे. त्या डिस्कची, नेटवर्कची, डेटाबेसची, प्रिंटरची वाट पाहत बसलेल्या असतात. वाट पाहण्यासाठी कोअर लागत नाही. आणि थ्रेड लावूनच वाट पाहायची तर त्यासाठी जीआयएल कधी आडवा आलाच नव्हता. वाट पाहणारा थ्रेड ते कुलूप सोडूनच थांबतो.

पण खरोखर राबायचं काम असेल तेव्हा? आहे की आमच्या शेजारीच. सोनाळ्याच्या वर आंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. व्याघ्रगणनेसाठी जंगलात कॅमेरा ट्रॅप लावतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत वन्यप्राण्यांचे ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यांतले वाघाचे ७६,६५१, बिबट्याचे ५१,७७७. बाकी सांबर, चितळ, रानडुक्कर. एवढे फोटो निवडायचे म्हणजे सगळे कोअर राबलेच पाहिजेत, आणि थ्रेडवाले नेमकं अशाच कामाचं उदाहरण देतात. मला तर ते माझ्या बाजूचं वाटतं. एका फोटोचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आठ फोल्डर करा, आठ वेगळ्या प्रोसेस सुरू करा, प्रत्येकीची मेमरी वेगळी, प्रत्येकीने आपला निकाल आपल्या फाइलमध्ये लिहावा, शेवटी आठ फाइली जोडा. पायथनमध्ये याची सोय २००८ च्या २.६ पासून भाषेसोबतच येते. एक प्रोसेस खराब फोटोवर कोसळली तर बाकीच्या सात चालू राहतात. थ्रेड असते तर आठही एकदम गेले असते.

आणि जिथे काम असं सुटं सुटं होत नाही, एकाच भल्यामोठ्या मॅट्रिक्सवर सगळ्यांना राबायचंय, तिथे आयआयटी मुंबईतलं काम बघावं. तिथल्या एरोस्पेस विभागाचे प्रभू रामचंद्रन हे मायावी या त्रिमितीय चित्रणाच्या साधनाचे कर्ते. त्यांच्या गटाचं पायएसपीएच हे द्रवांच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर आहे. संशोधक त्यात आपली समीकरणं साध्या पायथनमध्ये लिहितो. त्यावरून आत वेगवान कोड तयार होतो, तो ओपनएमपीचे थ्रेड लावून सगळ्या कोअरवर पळतो. पाहिजे तर ग्राफिक्स कार्डावरही पळतो. समीकरण लिहिणाऱ्याला एकही थ्रेड दिसत नाही, एकही कुलूप लावावं लागत नाही. थ्रेड आहेत, भरपूर आहेत, आणि ते नेमके जिथे असावेत तिथे आहेत: ज्याला त्यांची विद्या येते त्याने एकदाच लिहिलेल्या थरात. नमपायचंही तेच. पायथन इतकी वर्षं शास्त्रीय गणनेत राज्य करून बसलं ते जीआयएल असताना, हे विसरून कसं चालेल?

एक मुद्दा मात्र मी थ्रेडवाल्यांना देतो, कारण तो खरा आहे. प्रोसेस महाग पडते. प्रत्येकीची मेमरी वेगळी म्हणजे माहितीची नक्कल करायची, इकडून तिकडे पाठवताना बांधायची-सोडायची. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणाऱ्यांकडे ग्राफिक्स कार्डं भुकेली बसतात, कारण त्यांना माहिती भरवणारं पायथन एका कुलपापाशी अडकतं. सॅम ग्रॉस यांनी २०२१ साली जीआयएलशिवायचं पायथन करून दाखवलं आणि पुढे पेप ७०३ चा प्रस्ताव मांडला तो अशाच लोकांची गाऱ्हाणी पुढे ठेवून. २०२३ साली तो मंजूर झाला. त्या लोकांचा हक्क मला मान्य आहे. पण ते कोण आहेत? प्रचंड मॉडेल शिकवणारे, मोठमोठ्या लायब्ररी लिहिणारे. ते वेगळी आवृत्ती मुद्दाम मागून घेतील, तिचे नियम वाचतील, चुकले तर शोधत बसायला त्यांच्याकडे माणसं आहेत. त्यांच्या गरजेवरून सगळ्यांसाठी नियम काढणं हा कुठला न्याय?

कारण किंमत सगळेच मोजतात. १९९६ साली ग्रेग स्टाइन यांनी पायथन १.४ मधून जीआयएल काढून दाखवला होता; एकाच थ्रेडचा साधा प्रोग्राम त्यावर निम्म्याच्या आसपास वेगाने चालू लागला आणि प्रकरण तिथेच थांबलं. २००७ साली गिडोंनी अट घातली: जीआयएल काढा, पण एका थ्रेडच्या प्रोग्रामचा वेग कमी होता कामा नये. ती अट आजवर पूर्ण झालेली नाही. ती सैल केली गेली. ३.१३ च्या मोकळ्या, म्हणजे जीआयएलशिवायच्या, आवृत्तीत एकथ्रेडी कामाला सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागायचा, ३.१४ मध्ये तो फरक पाच ते दहा टक्क्यांवर आला आहे. उत्तम प्रगती. तरी ही आवृत्ती सर्वांना दिली तर पाच-दहा टक्के कुणाचे जाणार? ज्याने आयुष्यात थ्रेड वापरला नाही त्याचे. सीमध्ये लिहिलेली जुनी लायब्ररी ‘मी सुरक्षित आहे’ असं जाहीर करत नसेल तर ती आत घेताच मोकळं पायथन जीआयएल पुन्हा चालू करतं आणि तशी सूचना देतं. सूचना देतं हे चांगलंच. पण याचा अर्थ प्रत्येक लायब्ररीच्या कर्त्याला, ज्याचा थ्रेडशी काडीचा संबंध नाही त्यालाही, आता हे घोषणापत्र भरून द्यायचं आहे. ‘नको असेल त्याने वापरू नये’ हे म्हणणं इथेच कोसळतं.

बाकीच्या स्क्रिप्टिंग भाषांनी काय केलं? टीसीएलचे कर्ते जॉन आउस्टरहाउट यांनी १९९६ च्या यूजनिक्स परिषदेतच बजावलं होतं की बहुतेक कामांसाठी थ्रेड ही वाईट कल्पना आहे, घटनांवर चालणारी रचना बरी. ‘पण पुढे टीसीएलमध्येही थ्रेड आलेच ना?’ असं मला एकदा विजयी मुद्रेने सांगण्यात आलं. आले. कसे आले ते बघा: प्रत्येक थ्रेडला स्वतःचा वेगळा इंटरप्रिटर, स्वतःची व्हेरिएबलं, दुसऱ्याशी बोलायचं तर निरोप पाठवायचा. वाटून घ्यायचं तर तसं नाव घेऊन, मुद्दाम मागून. पर्लने १९९८ च्या ५.००५ मध्ये सगळं वाटून घेणारे थ्रेड आणले, ते टिकले नाहीत. २००२ च्या ५.८ मध्ये उलट टोक गाठलं: प्रत्येक थ्रेडला सगळ्या माहितीची नक्कल. ते इतके जड की आज पर्लचे स्वतःचेच अधिकृत दस्तऐवज त्यांचा वापर टाळायला सांगतात. लुआच्या कर्त्यांनी तर साफच नकार दिला. एक मिळवण्याची साधी ओळही जिथे दर वेळी तोच निकाल देईल याची खात्री नाही, अशा भाषेत बरोबर प्रोग्राम लिहिता येईल यावर त्यांचा विश्वासच नाही. त्यांनी कोरूटीन दिले, आणि लुआ आज खेळांपासून राउटरपर्यंत सगळीकडे आहे. जावास्क्रिप्ट १९९५ पासून एकाच थ्रेडवर चालते. २०१५ नंतर तिच्यात वाटून घ्यायची मेमरी घातली, तर २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाच्या सुरक्षादोषापायी ब्राउझरवाल्यांना ती घाईघाईने बंद करावी लागली. परत आली ती कडक अटी घेऊन. एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच वाट धरली असेल तर त्यांना जुनाट म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. एसक्यूलाइट, जी तुमच्या माझ्या प्रत्येक फोनमध्ये आहे, तिचे कर्ते तर वापरणाऱ्यांना सरळ सांगतात: थ्रेड वाईट, टाळा.

घटनांवर चालणाऱ्या रचनेचे हाल मीही भोगले आहेत, ते लपवत नाही. एका फंक्शनला असिंक लावलं की त्याला बोलावणाऱ्याला लावावं लागतं, मग त्यालाही बोलावणाऱ्याला, आणि बघता बघता सगळी फाइल असिंक होते. सरळ ओळीत लिहायची सोय जाते. या बाबतीत थ्रेडवाल्यांची तक्रार रास्त आहे. निदान तिथे ‘अवेट’ हा शब्द दिसतो. याच ठिकाणी दुसरं कुणी मध्ये येऊ शकेल, हे डोळ्यांना कळतं. थ्रेडमध्ये प्रत्येक ओळीच्या मध्ये, आणि ओळीच्या पोटातही, तो धोका असतो आणि कुठेही लिहिलेला नसतो. शिवाय सरळ ओळीत लिहायचं तर तिसरा मार्ग आहेच: प्रत्येक कामगाराला स्वतंत्र इंटरप्रिटर आणि मध्ये रांग. पायथन ३.१४ मध्येच असे स्वतंत्र इंटरप्रिटर साध्या लायब्ररीतून मिळू लागले आहेत, प्रत्येकाचं कुलूप वेगळं, म्हणजे कोअरही सगळे राबतात. गुलालाच्या धुरळ्यात ही बातमी कुणी वाचलीच नाही. माझ्या मते ३.१४ ची मोठी बातमी तीच.

महाराष्ट्रातलंच चालतं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट. पायथनमध्ये लिहिलेलं, कारखान्यांचे, दुकानांचे हिशोब सांभाळणारं, देशाबाहेरही वापरात असलेलं. त्याची मूळ मांडणी बघा: वेब विनंत्या घेणाऱ्या प्रोसेस वेगळ्या, मागे जड कामं करणाऱ्या वेगळ्या, दोघींच्या मध्ये रेडिसची रांग. आणि बिलाचा चढता क्रमांक? तो पायथनच्या कुठल्याच व्हेरिएबलमध्ये नसतो. डेटाबेसच्या एका तक्त्यात असतो, वाचतानाच ती ओळ डेटाबेसकडून कुलूपबंद करून घेतली जाते, वाढवली जाते, सोडली जाते. दोन बिलांना एक क्रमांक येत नाही. कुलूप आहेच, फक्त ते डेटाबेसवाल्यांनी पन्नास वर्षं घासूनपुसून पक्कं केलेलं आहे. काट्यावरच्या मित्राने हेच करावं: एसक्यूलाइटची एक फाइल, त्यात क्रमांक, आणि मोबाइलवर निरोप पाठवणारी दुसरी छोटी स्क्रिप्ट, जी त्याच फाइलमधून न पाठवलेल्या नोंदी उचलते. पहिलीला दुसरीचं नावही माहीत असायची गरज नाही. रेंज गेली तरी पावती छापली जातेच. आमच्याकडे रेंज जाते.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. थ्रेडचा धडा घ्या, जरूर घ्या, विद्यार्थ्याला तो कळलाच पाहिजे. पण आधी रांग शिकवा, मग प्रोसेस, मग स्वतंत्र इंटरप्रिटर, आणि कुलूप सर्वांत शेवटी. आणि ते शिकवताना चुकणारा नमुना मोकळ्या पायथनवर चुकवून दाखवा, नाहीतर पोरं ३.१० च्या भरवशावर राहतील. आज संकेतस्थळावरून पायथन ३.१४ साधं उतरवून घेतलं तर जीआयएल असलेलंच मिळतं, मोकळी आवृत्ती वेगळी मागून घ्यावी लागते. पुढच्या टप्प्यात मोकळीच आवृत्ती सर्वांना आपोआप द्यावी, असा विचार आहे. तो निर्णय अजून झालेला नाही, आणि होऊ नये.